दोन वाजताची ओव्हर

रिटायर झाल्यापासून लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "सिस्टर, एवढी वर्षं दवाखान्यात काढलीत, सगळ्यात अवघड काय वाटलं?" विचारणाऱ्याला रक्त, अपघात, मरण असलं काहीतरी हवं असतं, पुढच्या पंगतीत सांगायला. मी म्हणते, दुपारी दोन वाजताची ओव्हर. मग त्यांचा चेहरा पडतो आणि ते जिलेबीकडे वळतात.

आज बसून सांगतेच. ओव्हर म्हणजे पाळी बदलताना जाणाऱ्या नर्सनं येणाऱ्या नर्सच्या हवाली वॉर्ड करायचा. कुणाला काय औषध दिलं, काय द्यायचं राहिलं, कुणाचा ताप चढलाय, कुणाला उपाशी ठेवायचंय, हे सगळं सांगायचं आणि मग घरी जायचं. कोल्हापुरातल्या एका जुन्या ट्रस्टच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाची मी इन्चार्ज होते. सकाळची पाळी दोनला संपायची आणि दुपारची सुरू व्हायची. नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलंय की ओव्हर प्रत्येक बेडपाशी उभं राहून द्यावी. पुस्तकात पुष्कळ लिहिलेलं असतं. आमच्याकडे ती टेबलापाशी उभ्या उभ्या द्यायच्या, आणि जाणाऱ्या बाईला फारच घाई असली तर जिन्यात.

आणि ह्याच वेळेला नव्या पोरीला धुऊन काढायची रीत होती. पेशंट बघतायत, नातेवाईक डबे घेऊन उभे आहेत, आणि सीनियर सिस्टर भर वॉर्डात म्हणतीय, "कॉलेजात झोपा काढल्यास काय गं? हे सलाईन असं लावतात? तुझ्या आईला लावशील काय असं?" मोठे डॉक्टर राऊंडला येऊन सिस्टरवर डाफरायचे, सिस्टर स्टाफवर, स्टाफ नव्या पोरीवर. वड्याचं तेल वांग्यावर. नव्या पोरीच्या खाली कुणी नसतं, म्हणून ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडते. आमच्या वॉर्डात त्या नळाचं पाणी किती वाया गेलं असेल, देव जाणे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, एवढं काय त्यात, ऑफिसात काय कमी ओरडतात? ओरडतात की. पण ऑफिसात बोलणं खाल्लेला माणूस फार तर गप्प बसतो आणि फाईल पडून राहते. नर्स गप्प बसली तर पेशंट मरतो. बोलणी खाऊन खाऊन नवी पोरगी पहिली गोष्ट कुठली सोडत असेल, तर ती विचारायचं सोडते. बाटली वाचता आली नाही, विचारत नाही. डोस ऐकू आला नाही, विचारत नाही. अंदाजानं करते. वॉर्डात अंदाजानं काम करणाऱ्या माणसाइतकी भीती मला कशाचीच वाटली नाही.

शकुंतला माझ्या वॉर्डातली सगळ्यात जुनी स्टाफ नर्स. आम्ही एका बॅचच्या. हॉस्टेलवर एका पांघरुणात झोपलोय, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनंच माझा हात धरलेला. मी तिची माली आणि ती माझी शकू. कामाला वाघ. पण जीभ अशी की समोरच्याची सालं काढावीत. मी समजावलं की म्हणायची, "माले, आपल्याला काय कुणी ओवाळून घेतलं हुतं? आपुन शिकलोच की. ह्या पोरी कापसाच्या हायत सगळ्या."

तर तिच्या हाताखाली अश्विनी आली. चंदगडकडच्या एका वाडीची. बाप लोकांच्या काजूच्या बागेत राबणारा, आणि वाडीतली पहिली नर्स म्हणून पोरगीचं तिथं कोण कौतुक. कुणाला साप चावला तरी आधी हिला फोन यायचा, मग गाडी निघायची. अभ्यासात चांगली, हात स्वच्छ. पण आवाज असा बारीक की दोनदा विचारावं लागायचं. शकूला तेवढं पुरे झालं. "चंदगडचा पाऊस अंगात मुरलाय जणू, थंडगार पडलीय निस्ती," असं ती पेशंटांपुढं म्हणायची आणि पेशंटही बिचारे हसायचे. पोरीचं नाव तिनं कधी घेतलंच नाही. "ए नवी" एवढंच.

एक दिवस अश्विनी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, महिनाअखेर सोडीन म्हणते मी."

"लग्न ठरलं काय?"

"न्हाय. गावात शिवणकाम करीन." मग म्हणाली, "बाबांना काय सांगू, तेवढंच कळंना झालंय. माणसं वरडतात म्हणून सोडलं, असं सांगू काय?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडणारी पोरगी परत कामाला लागते, हे मला ठाऊक होतं. जी हिशोबानं बोलते ती जाते. मला शकूचा आला नव्हता एवढा राग ह्या पोरीचा आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण अशा पोरी मी आधीही जाताना पाहिल्या होत्या.

"सोड की," मी म्हणाले. "पण जायच्या आधी माझ्याकडनं एकदा नीट शिव्या खाऊन जा. चल."

आमच्याकडं लिननची खोली होती, चादरी आणि गाऊन ठेवायची. आत कपाटं, कपड्यांचे गठ्ठे, दार लावलं की आवाज बाहेर जात नाही. तिथं मी नव्या पोरींना घेऊन जायची आणि त्यांच्यावर ओरडायची. खरंच सांगते. कधी सर्जन व्हायची, कधी सीनियर सिस्टर, कधी पेशंटचा गारगोटीकडचा मेव्हणा व्हायची, "मी कोन हाय ठावं हाय का तुला?" म्हणणारा. देवानं आवाज दिलाय, आणि मी जन्मले कोल्हापुरात, त्यामुळं वेगळं काही शिकावं लागलं नाही. पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतात ना, तसाच हा प्रकार. भर वॉर्डात पहिल्यांदा बोलणं खाल्लं तर माणसाची वाचाच बसते. आधी दहा वेळा खोट्या शिव्या खाल्ल्या असल्या, की खऱ्या वेळी निदान जीभ हलते.

नियम साधे होते. पाय घट्ट रोवायचे. समोरच्याचं ओरडणं संपू द्यायचं. आपल्या आईबापावरनं, गावावरनं काही बोललं तर त्याला उत्तर द्यायचं नाही, तिथं अडकलं की काम राहिलं. आणि मग एकच वाक्य. "मला काय बोलायचं ते नंतर बोला. आत्ता पेशंटसाठी विचारतेय." त्याच्यापुढं आपला प्रश्न, होता तसा. उत्तर मिळेस्तोवर तोच प्रश्न.

काही पोरी पहिल्याच दिवशी फुटायच्या. एक तर मेव्हण्यावर एवढी पेटली की मलाच ढकलून गेली. अश्विनीचं उलटं. मी सर्जन झाले, ती गप्प. मी सीनियर झाले, ती जमिनीकडं बघत उभी. वाक्य अर्धं म्हणायची आणि "आत्ता" वर अडायची. मी घसा फोडून दमले.

"अगं बाई, मी खोटी खोटी वरडतेय, तरी तुझी ही गत?"

"तुम्ही खोटं वरडताय ते कळतंय मला," ती म्हणाली. "पण पोटात गोळा खराच येतोय."

मी तिला म्हटलं, उद्या परत ये. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी ती येत राहिली, एवढंच म्हणते.

मग तो दिवस उजाडला. आठ नंबरच्या बेडवर एक आक्का होत्या, साखरेच्या पेशंट, वयस्कर, जरा विसरभोळ्या. सकाळी त्यांची सोनोग्राफी होती म्हणून उपाशी ठेवलेलं. त्यामुळं त्यांचं जेवण आणि जेवणाआधीचं इन्सुलिन दोन्ही लांबलं आणि नेमकं पाळी बदलायच्या वेळेवर आलं. साखरेच्या पेशंटची गंमत अशी, की इन्सुलिन देऊन जेवण नाही दिलं तरी धोका, न देता जेवण दिलं तरी साखर चढणार, आणि चुकून दोनदा दिलं तर साखर इतकी उतरते की माणूस बोलता बोलता बेशुद्ध पडतो. म्हातारं माणूस त्यातून उठेलच असं नाही.

मी त्या वेळी मेट्रन मॅडमच्या ऑफिसात मीटिंगला होते, मधलं पटांगण ओलांडून पलीकडं. शकूची सकाळची पाळी, अश्विनीची दुपारची. शकूला कोडोलीची एस.टी. गाठायची होती, ती आमच्या फाटकापाशी हात केला की थांबायची. तिनं पर्स खांद्याला लावूनच ओव्हर दिली. "आठ नंबर सोनोग्राफी झाली, जेवायला द्या. बाकी सगळं झालंय. बघ नीट डोळं उघडून." आणि निघाली.

अश्विनी आठ नंबरपाशी गेली. ताट आलेलं, आक्का भात कालवायच्या तयारीत. चार्टवर इन्सुलिनच्या चौकोनात सही नाही. आम्ही पोरींना पहिल्या दिवसापासून घोकायला लावतो, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. त्या नियमानं तिनं इन्सुलिन द्यायला हवं होतं. तिनं आक्कांना विचारलं.

"आक्का, आत्ता इंजेक्शन दिलं काय कुणी?"

"न्हाय गं बाई. बोट टोचून रगात तेवढं काढलं. सुई न्हाय दिली कुनी."

साखर परत तपासली तर चढलेलीच. दिलं असतं तरी इतक्या लवकर उतरणार नव्हतीच. म्हणजे चार्ट म्हणत होता दे, पेशंट म्हणत होती दे, मशीन म्हणत होतं दे. फक्त ट्रेमध्ये इन्सुलिनची बाटली बाहेर होती आणि तिला अजून फ्रिजच्या गारव्याचा घाम होता. कुणीतरी नुकतीच काढलेली. दुसऱ्या कुणाला दिलंही असेल. पण शंका आली ती आली.

तिनं शकूला फोन लावला. शकूनं कापला. परत लावला, परत कापला. आता अश्विनीच्या हातात दोनच गोष्टी होत्या. सुई भरायची, कुणी तिला काही म्हटलं नसतं, कागद तिच्या बाजूनं होता. नाहीतर वॉर्ड सोडून त्या बाईच्या मागं पळायचं, जिच्या नुसत्या आवाजानं हिच्या पोटात गोळा येत होता. आया मावशींना ती म्हणाली, "आक्कांचा हात धरून बसा. घास घेऊ देऊ नका. मी आलेच." आणि जिन्यावरनं पळत सुटली. हे सगळं मला मावशींनी मागून सांगितलं. मी पाहिलं ते पुढचं.

मीटिंग संपवून पटांगणात आले, तर ही पांढऱ्या कपड्यांत, चपला हातात घेऊन फाटकाकडं धावतीय. मी पण गेले मागं. एस.टी. उभी, शकूचा एक पाय पायरीवर. अश्विनीनं दाराची दांडी धरली.

"सिस्टर, आठ नंबरच्या आक्कांना इन्सुलिन दिलं काय?"

"ओव्हर दिली न्हवं मगाशी? कान घरात ठेवून येतीस व्हय?"

"आक्कांना इन्सुलिन दिलं काय?"

शकूचा चेहरा लाल झाला. बसमधली माणसं खिडक्यांतनं बघायला लागली, रिक्षावाले जवळ आले. "ए, रस्त्यात उलटतपासणी घेतीस माझी? तुझं वय न्हाय तेवढी माझी नोकरी झालीय. चार्ट वाचाय येत न्हाय, तर कुनी केली तुला नर्स? जा चंदगडात, म्हशी राख जा. तुझ्या बापानं..." आणि पुढं तिच्या बापाविषयी जे बोलली, ते मी इथं लिहीत नाही.

कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, आत या न्हायतर उतरा."

मी चार पावलांवर होते. मी विचारलं असतं तर शकूनं मला क्षणात सांगितलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात अश्विनीचे पाय दिसले. अनवाणी, डांबरावर, घट्ट रोवलेले. मी तोंड मिटलं. आजही वाटतं, त्या वेळी मी केवढा जुगार खेळले.

"मला काय बोलायचं ते नंतर बोला, सिस्टर," अश्विनी म्हणाली. तो बारीक आवाज बसच्या मागच्या सीटपर्यंत गेला असेल. "आत्ता पेशंटसाठी विचारतेय. चार्टवर सही नाही. आक्का म्हणतात दिलं नाही. ताट समोर आहे. तुम्ही दिलं का नाही?"

शकूचा रंग उतरताना मी पाहिला. पर्सवरचा हात सुटला.

"दिलं," ती म्हणाली. मग हळू, "दिलं गं. सही राहिली वाटतं."

अश्विनी उत्तर ऐकून थांबलीच नाही. वळली आणि जशी आली तशी पळाली, आक्कांना आता लगेच जेवू घालायला हवं होतं. शकू पायरीवरनं उतरली. बस गेली.

आक्का जेवल्या, वर दह्याची वाटी मागून घेतली. इंजेक्शन दिलं होतं म्हटल्यावर दंड चोळत म्हणाल्या, "ते व्हय? मुंगी चावल्यागत झालतं खरं. तेला काय सुई म्हंत्यात?"

संध्याकाळपर्यंत शकू वॉर्डातच बसून होती. अश्विनी दर थोड्या वेळानं आक्कांची साखर बघत होती, आणि शकू लांबनं तिच्याकडं. मग ती माझ्याकडं आली.

"माले, सही करते आता. कुनाला काय झालं न्हाय."

"शकू, ती पळाली म्हणून झालं न्हाय."

"वर कळवू नगंस. रिटायर व्हायला किती दिवस राहिल्यात माझं? आता शेवटी डाग लावतीस?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्या बाईनं माझ्या कळांत माझा हात धरला, तिच्याविरुद्ध मी काय लिहू? तासभर मी काहीच केलं नाही, नुसती औषधांचं कपाट लावत बसले. मग तिला म्हणाले, "आज मी गप्प बसले तर उद्या ती पोरगी पळणार न्हाय. तीच कशाला, कुणीच पळणार न्हाय."

"मग कळीव," शकू म्हणाली, "मॅडम."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला मॅडम म्हटलं.

मेट्रन मॅडमनी आम्हा तिघींना बोलावलं. बाई हुशार. आरडाओरडा नाही, उपदेश नाही. शकू भिंतीकडं बघत म्हणाली, "चुकलं असंल तर माफी मागते." मेट्रन अश्विनीकडं वळल्या. मला वाटलं, ही आता राजीनामा पुढं करते.

"मला माफी नको मॅडम," अश्विनी म्हणाली. "ओव्हर बेडपाशी द्यायची करा. सगळ्यांनीच. मी पण देईन. आणि प्रत्येक बेडपाशी शेवटी विचारायचं, काही राहिलं का म्हणून. जाणाऱ्यानं विचारायचं."

"जाणाऱ्यानं का?" मेट्रननी विचारलं.

"येणाऱ्याला धाडस होत नाही म्हणून."

इतकी वर्षं मी पोरींना पाय रोवून प्रश्न विचारायला शिकवत होते. प्रश्न विचारायला धाडस लागूच नये, हे ह्या बारक्या आवाजाच्या पोरीला सुचलं. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची थोडी लाजही. मेट्रननी तिथंच हुकूम काढला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता परत शकू आणि अश्विनी. सगळ्या वॉर्डाला खबर होती, पेशंट उशा टेकवून बसलेले. एक नंबरपाशी शकूनं सगळं भराभरा सांगितलं आणि पुढं गेली. अश्विनी जागची हलली नाही. शकू तीन नंबरपर्यंत जाऊन मागं बघते, तर ही अजून एक नंबरपाशीच, हात मागं बांधून. डब्यांचा आवाज थांबला. मी टेबलाची कड धरून उभी. आता शकू काय बोलते, म्हणून जीव नुसता टांगणीला.

शकू परत आली.

"काय राहिलं का विचारायचं?"

"नाही सिस्टर. समजलं."

मग दोन नंबर, मग तीन. प्रत्येक बेडपाशी तोच प्रश्न, तेच उत्तर. आठ नंबरला आल्यावर शकू म्हणाली, "इन्सुलिन जेवणाआधी दिलं. डाव्या दंडात. मी दिलं. ही सही." आणि मग, "काय राहिलं का विचारायचं?"

"राहिलंय, सिस्टर," अश्विनी म्हणाली. "रक्त काढताना आक्कांची शीर मला सापडत नाही. कालपण दोनदा टोचलं, त्यांना दुखलं. तुम्हाला पहिल्या टोचण्यातच सापडते. जायच्या आधी दाखवाल काय?"

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. शकूनं खिडकीकडं पाहिलं, मग पर्स काढून आक्कांच्या पायथ्याशी ठेवली. अश्विनीचं बोट धरलं आणि आक्कांच्या कोपरापाशी टेकवलं. "डोळ्यानं नगं बघू. बोटानं बघ. दाब... सोड. लागली?"

"लागली."

"मग अश्विनी, तिथंच. घाई न्हाय करायची."

महिनाअखेर आली आणि गेली. अश्विनीनं सोडायचं नाव काढलं नाही, आणि आज ती त्याच वॉर्डाची इन्चार्ज आहे. शकू निवृत्त होईपर्यंत ओव्हर बेडपाशीच देत राहिली आणि नव्या पोरींना नावानं हाक मारायला शिकली. आमची दोघींची गाठ आता मंडईत पडते. भाजी काय भावानं घेतली, गुडघे कसे आहेत, सगळं बोलते. पण मला अजून मॅडमच म्हणते.